कुलपाला दिलेलं आवतन

मीरा, तू पाठवलेला नकाशा मी फोनवर दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला. तुमच्या भागातल्या जत्रेला, वाचनालयातल्या कार्यक्रमांना, उन्हाळ्यातल्या सामुदायिक जेवणाला कोणकोणत्या घरांतून माणसं येतात ते तू त्यात दाखवलं आहेस. ठिपका म्हणजे घर. दोन घरची माणसं एका कार्यक्रमात भेटली की त्यांच्यात रेघ, आणि पुन्हा पुन्हा भेटली की रेघ जाड. खाली उजवीकडे काही राखाडी ठिपके एकटेच पडले आहेत. त्यांच्याजवळ तू लिहिलं आहेस, 'ही घरं कशातच भाग घेत नाहीत.'

काम नीटनेटकं आहे. हा नीटनेटकेपणा तुला माझ्याकडून आला असं तुझी आई म्हणते, आणि म्हणूनच मी लिहायला बसले. असाच एक नकाशा आमच्या गावात झाला होता. त्यातही राखाडी ठिपके होते आणि ते माझ्या हातानं पडले होते. माझ्या ते लक्षातही आलं नसतं. लक्षात आणून दिलं गयाबाईनं. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तुम्ही दोघांनी तिला पाहिलेलं नाही. तुझ्या भावाला, ईशानलाही हे वाचून दाखव. त्याचं मराठी वाचन सुटत चाललं आहे.

तुमच्या आजोबांची आणि माझी सगळी नोकरी मानवतला झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांच्या गावी, पाथरी रस्त्यावरच्या फाट्यापासून आत, शेताच्या कडेला तीन खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला चार दिवस असताना एक उंच, काटकुळी बाई अंगणात येऊन उभी राहिली. स्वतःच्या चपला तिनं हातात धरल्या होत्या. नाव नाही, गाव नाही, तिनं सरळ विचारलं,

"बाई, चूलबंद का घरटी एक?"

मला प्रश्नच कळला नाही. गावात कुणाकडेही कार्य असलं की घरोघर जाऊन आवतन द्यायचं काम गयाबाईच्या सासरकडे चालत आलेलं होतं. नवरा होता तोवर तो फिरायचा, त्याच्यामागे ती फिरू लागली. आवतनाचे दोन मुख्य प्रकार. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकानं यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरातली चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. परभणीहून छापून आणलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मी तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "सगळ्यांना बोलवा."

"सगळ्यायला?"

"हो. सगळ्यांना."

ती गेली. स्वयंपाक मी पत्रिका मोजून, घरटी एकाच्या हिशेबानं सांगितला होता. वास्तुशांतीच्या दिवशी बाराच्या सुमारास रस्त्यावर माणसं दिसू लागली आणि दिसतच राहिली. कडेवर मुलं, काठी धरलेले म्हातारे, माहेरपणाला आलेल्या लेकी. तुमचे आजोबा भर दुपारी स्कूटरवर तांदूळ आणायला मानवतला गेले. चार वाजेपर्यंत पंगती उठत होत्या. सगळं आटपल्यावर गयाबाईनं पत्रिकांचा गठ्ठा सुतळीनं बांधून मला परत आणून दिला.

"हे घ्या. मागून कोरे हायेत, लिवायला व्हतील."

"अहो, पण वाटल्या का नाहीत?"

"तोंड असताना कागद कशाला?" आणि मग पदरानं मान पुसत, "थकले बया."

'थकले बया' हे तिचं पालुपद होतं. आल्यावर म्हणायची, निघतानाही म्हणायची. त्यात तक्रार नसायची. आपण 'बरं' म्हणतो तसं ती ते म्हणायची. पण गुडघे खरोखरच गेलेले होते. माझ्या अंगणाच्या दोन पायऱ्या ती आडवी होऊन, एक एक पाऊल जोडत चढायची.

फेरीवर असताना ती कुणाच्या घरी बसत नसे. पाणी शेवटच्या घरी. घरातल्या थोरल्या बाईलाच सांगायचं. थोरली ठार बहिरी असली तरी तिच्याच कानात ओरडायचं आणि शेजारी उभ्या सुनेनं ऐकलं ते जमेस धरायचं नाही. शेजारी निरोप ठेवणं तिला मंजूर नव्हतं. "निरोप येगळा, आवतन येगळं," म्हणायची. कुणी शेतात असलं तर संध्याकाळी पुन्हा जायची. पुन्हा जाताना शिव्या द्यायची, पण जायची.

सगळं गाव तिच्या डोक्यात होतं, फक्त चालण्याच्या क्रमानं. मधलंच एखादं घर विचारलं की ती अडायची. "थांबा, मारुतीपासून येऊ द्या," म्हणायची आणि डोळे मिटायची. मारुतीच्या देवळापासून तिचे ओठ हलू लागायचे, बोटं मांडीवर पडायची, आणि तीन-चार मिनिटांनी ती त्या घरापाशी पोचायची. मग सांगायची की या घरची सून हळदीकुंकवाला येते पण सासू येत नाही, सासू सप्त्याला येते, आणि दोघी मिळून फक्त अमक्याच्या बारशाला गेल्या होत्या. मध्ये कुणी बोललं तर सगळं मोडायचं. रागानं बघायची आणि पुन्हा मारुतीपासून सुरू.

गोड बाई नव्हती ती. सुनेशी तिचं पटायचं नाही, आणि त्यात चूक बहुतेक तिचीच असायची. मला घालूनपाडून बोलायची. "बाई, तुमचं इंग्रजी लय झालं, आता जरा अंगण सारवून बगा." सगळं गाव तिला अगंतुगं करायचं. मी अहोजाहो केलं तर म्हणायची, "मी काय तहसीलदारीन हाव का?"

एकदा गावातल्या मोठ्या घरी लग्न निघालं. त्या घरच्या मालकिणीनं आवतन सांगताना बजावलं, की बांधावरून भांडण झालेल्या अमक्या घरी जायचं नाही. गयाबाईनं अक्षतांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"मग बाकीच्यायला बी तुमीच सांगा."

"कामून? एकच घर तर गाळायचंय."

"मला गाळून चालता येत न्हाई. पायाला सवय न्हाई."

आणि ती घरी निघून गेली. दुपारपर्यंत मालकिणीनं माणूस पाठवून तिला परत बोलावलं. त्या घरी आवतन गेलं. ते लोक लग्नाला आले नाहीत ते नाहीतच. मी गयाबाईला म्हटलं, "मग काय उपयोग झाला?" ती माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तशी बघत राहिली. "यायचं न यायचं त्येंचं. बोलावनं आपलं."

आता नकाशाचं सांगते. त्याआधी सुमनचं सांगायला हवं.

ओढ्यापलीकडे आमच्या गावाची एक वस्ती आहे, बावीस घरांची. बहुतेक घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक येतात, घरांना कुलपं लागतात आणि चैत्र-वैशाखात माणसं परततात. त्यामुळे वस्तीतली सगळी लग्नं ऐन उन्हाळ्यात होतात, आणि तिथे सावलीला एक बाभळीचं झाड सोडलं तर काही नाही. गावासाठी एक सभामंडप मंजूर होणार असं कळलं तेव्हा वस्तीतली सुमन माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. चाळिशीची, हातावर कोयत्याचे जुने वण. आदल्या वैशाखात तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात वावटळीनं ताडपत्री उडवली होती आणि नवरदेवाची आजी उन्हानं मांडवातच कोसळली होती. म्हातारी वाचली, पण अजून धड बोलत नव्हती. सासरी मुलीला रोज ते ऐकावं लागत होतं. धाकटीचं लग्न ठरत आलं होतं.

"बाई, असं लिवा की कुनाला खोडता येऊ न्हाई," सुमन म्हणाली.

मी लिहिलं. सरपंचांनी अर्ज ठेवून घेतला आणि बघू म्हणाले. गावातल्या बऱ्याच जणांना मंडप देवळापुढे हवा होता.

त्याच सुमाराला परभणीच्या एका महाविद्यालयातून वैशाली नावाची तरुण प्राध्यापिका गावात आली. तुझ्यासारखीच, मीरा, लॅपटॉपवाली. गावातल्या कार्यक्रमांना कोण येतं याचा तिला अभ्यास करायचा होता. नकाशावर घरं मांडायची, सप्ता, हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, ग्रामसभा, लग्नं यांची हजेरी घ्यायची आणि कोण कुणाशी जोडलेलं आहे ते रेघांनी दाखवायचं. महाविद्यालयाच्या सत्रात बसायला हवं म्हणून काळ ठरला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. नोंदवही कुणी ठेवायची? अर्थात मी. मी पट्टीनं रकाने आखले: घर, कार्यक्रम, आवतन मिळालं की नाही, हजर की गैरहजर. आवतनाचं नक्की कळावं म्हणून गयाबाईबरोबर फिरायचं ठरवलं.

सप्त्याच्या आवतनाला आम्ही निघालो. गाव संपवून ती ओढ्यात उतरली.

"गयाबाई, तिकडे कुलपं आहेत. सगळे गेलेत."

"म्हाईत हाय."

वस्तीत पोचल्यावर ती पहिल्या दारापुढे उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. कुलपाला कुंकवाचं बोट लावलं, चार अक्षता उंबऱ्यावर टाकल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "सप्त्याचं आवतन हाय. शेवटच्या दिवशी काल्याला चूलबंद." मग दुसरं दार. तेच शब्द, तेवढ्याच मोठ्यानं. बावीस घरांपैकी चार ठिकाणी एखादी म्हातारी किंवा म्हातारा मागे राहिला होता. बाकी सगळी कुलपं. एका कुलपावर तर आधीच्या आवतनांचं कुंकू इतकं साचलं होतं, की किल्लीचं भोक बुजत आलं होतं. ते तिनं काडीनं कोरून काढलं. "सुमीचं घर. आल्यावर मला शिव्या घालंल, चावी जाईना म्हनून."

मी झाडाखाली उभी राहून वहीत नोंद केली. आवतन: मिळालं. शेवटच्या रकान्यात: गैरहजर. पुढच्या तीन महिन्यांत ती नोंद मी कितीदा केली असेन. हात आपोआप चालायचा.

खरं तर मला कळायला हवं होतं. त्याआधीच्या दोन चैत्रांत मी गयाबाईला सुमनच्या दारात पाहिलं होतं. वस्ती परतली की ती घरोघर जाऊन मागच्या सहा महिन्यांची यादी सांगायची: अमक्याचं लग्न झालं, तुला आवतन होतं, तमक्याचं बारसं झालं, तुला आवतन होतं, सप्ता झाला, तुला होतं. बायका भांडी घासता घासता ऐकायच्या, मध्येच "व्हय का, पोरगी झाली का?" असं विचारायच्या. मला वाटलं होतं, म्हातारी गप्पा मारते आहे.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर शाळेच्या भिंतीवर वैशालीनं नकाशा लावला. सुरेख दिसत होता. गावठाणात रेघांचं दाट जाळं, देवळाभोवती तर कागद दिसत नव्हता. ओढ्यापलीकडे बावीस राखाडी ठिपके. चारांना एखादी बारीक रेघ, बाकी कोरे. लोक आपापलं घर शोधत होते, हसत होते. "अय, तुही रेघ कामून येवढी जाड? सगळीकडं जेवाया जातो व्हय?"

मग सरपंच उभे राहिले. वाईट माणूस नव्हे. सगळ्यांना सांभाळून घेणारा, आणि त्यामुळे जो समोर बसला आहे त्याचं ऐकणारा.

"सभामंडपाचा विषय आज संपवून टाकू," ते म्हणाले. "कुटं बांधायचा ते आपन सांगायची गरजच न्हाई. नकाशाच सांगायला. जिथं मानसं जमतेत तिथं मंडप. वस्तीतलं कोनी कशालाच येत न्हाई, तिथं बांधून काय कुत्रे बसवायचे का? आन हा नकाशा काय आमी काढल्याला न्हाई, कॉलेजनं काढलाय."

माणसं हसली. वैशालीचा चेहरा पडला. हे तिच्या मनात नव्हतं. मी खुर्चीवर बसून होते. वही माझ्या मांडीवर होती.

चपलांच्या ढिगाजवळ बसलेली गयाबाई जमिनीवर हात टेकून उठली. तिला उठायला वेळ लागला, तोवर सगळे बघू लागले होते. ग्रामसभेत ती कधी बोललेली नव्हती. तिचं काम सभेचं सांगून येण्यापुरतं. ती नकाशाजवळ गेली, ओढ्याच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि वैशालीला म्हणाली,

"मॅडम, ह्याच्यात कुलूप कुठी हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजी कुलूप. बावीसातल्या अठरा घरायला कुलूप हाय. मी सोता कुंकू लावून आलेय. त्ये ह्याच्यात कुठी दिसंना."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मग गयाबाईही वळली.

"बाई, तुमी व्हत्या ना माझ्यासंगं? तुमी काय लिवलं त्येंच्या पुढं?"

तेहतीस वर्षं मी वर्गाची हजेरी घेतली होती. हजेरीपटावर तीन खुणा असतात: हजर, गैरहजर आणि रजा. सांगून गेलेल्या मुलाला मी जन्मात कधी गैरहजर मांडलं नाही. आणि इथे माझ्याच हातानं पट्टीनं आखलेल्या वहीत तिसरी खूण नव्हती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "गैरहजर लिहिलं. चुकलं माझं."

"ऐकलं का," गयाबाई सरपंचांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नेहमीसारखाच थकलेला. "आता त्यायला येऊ द्या, मग ठरवा. मंडप कुठीबी बांधा. पर त्ये बसल्यावर ठरवा."

"गयाबाई, त्ये कवा येतेत आन कवा न्हाई—"

"एक मेची सभा असतीया ना? मी सांगते त्यायला. माझ्यावर सोडा."

कुरकूर झाली, पण विषय एक मेपर्यंत पुढे गेला. वैशाली घरी आली तेव्हा जवळजवळ रडकुंडीला आली होती. म्हणाली, कुलपांना वेगळा रंग देते, नकाशा दुरुस्त करते. तिनं केलाही. गयाबाईनं तो निळ्या ठिपक्यांचा कागद बघून बाजूला ठेवला. "रंगानं काय व्हतंय? मानसं पायजेत." मीरा, तू तुझ्या नकाशात रंग जरूर बदल. पण त्या घरांच्या दारापर्यंत आधी कोण गेलं होतं, तेही एकदा विचार.

एप्रिल उजाडला. ऊस भरपूर होता, कारखाने चालूच होते आणि वस्ती परतायचं चिन्ह दिसेना. तोंडावर आवतन द्यायचं तर सात-आठ तास एसटीनं जायला हवं. गयाबाईचे गुडघे पाहता ते शक्य नव्हतं. मी म्हटलं फोन करू. तिला ते अजिबात पटलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन ओसरीत उभी राहिली. "लावा त्यो."

मी नंबर लावून फोन तिच्यापुढे धरला. तिनं आधी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या तळहाताकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "सखुबाई, एक मेच्या ग्रामसभेचं आवतन हाय. मंडपाचं ठरायचंय. चूलबंद." ग्रामसभेला कुणी चूलबंद बोलावत नाही. मी तसं म्हटलं तर मला गप्प बसवलं.

घरांचा क्रम तिला मोडायचा नव्हता. चौथ्या घराचा फोन बंद होता. तर पाचव्याला लावू देईना. "चौथं झाल्याबिगर पाचवं कसं?" तो फोन सुरू होईपर्यंत दीड दिवस गेला. पुढे कळलं की आठ घरं एकाच मुकादमाच्या तळावर आहेत आणि आठांमध्ये एकच फोन. मी म्हटलं, एकदाच सांगा, सगळ्या जणी ऐकतील. नाही. एका घराचं सांगून झालं की फोन ठेवायला लावायची आणि पुन्हा लावायला सांगायची. सहाव्या वेळी मुकादम वैतागून म्हणाला, "म्हातारे, लोकं फडात हायेत, कितींदा बोलावू?" ती म्हणाली, "अजून दोनदा." कुलूप लावून गेलेल्या अठरा घरांना चार दिवस लागले. शेवटी सुमनशी बोलणं झालं.

"मावशे, कारखाना बंद हुईना. कसं यायचं?"

"त्ये तू बग. माझं सांगून झालं."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे पाणी मागून प्यायली आणि बराच वेळ भिंतीला टेकून राहिली. "ह्ये काय खरं न्हाई बाई," म्हणाली. "सांगितल्यावानी वाटंना."

एक मेला सकाळी नऊलाच ऊन अंगावर येत होतं. वस्तीतली सात घरं आली होती. बाकीच्यांचा फड सुटला नव्हता. सुमन नवऱ्याला तिकडेच ठेवून, धाकट्या मुलीला घेऊन, मिळेल त्या गाडीनं आली होती. रात्रभराच्या प्रवासानं दोघींचे डोळे लाल होते. वस्तीतली ती माणसं शाळेच्या व्हरांड्यात एका ओळीत बसली. हजेरीच्या वहीत सह्या आणि अंगठे मीच घेतले. सुमन बोलली. ताडपत्रीचं, म्हातारीचं, उन्हाचं, सगळं नीट सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी खोटंही पाडलं नाही. मग हात वर झाले आणि मंडप देवळापुढे ठरला. फरक मोठा होता. बावीसच्या बावीस घरं आली असती तरी बहुधा हेच झालं असतं. सरपंच सुमनला म्हणाले, "पुढच्या निधीत तुमचाच नंबर," आणि त्यांना ते त्या क्षणी खरंच वाटत असावं.

धाकटीचं लग्न त्याच महिन्यात बाभळीखाली, दोन ताडपत्र्या एकावर एक बांधून झालं. गयाबाईनं सगळ्या गावाला आवतन दिलं. गावातली पुष्कळ माणसं आली. ग्रामसभेत हात वर केलेलीही आली, नीट जेवली, आहेर करून गेली. माणसं अशी असतात. मला याचा अर्थ लावता येत नाही, आणि आता लावायचं बळही नाही.

मी गयाबाईला विचारलं होतं, एवढं करून हरलो, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "हरले त्ये सोता बसून हरले. कुलूप न्हाई हरलं." आणि मग, "थकले बया. जरा पाठ टेकू द्या."

त्या पावसाळ्यात ती फारच वाळली. सून फेरी करते म्हणाली तर तिला करू देईना. दसरा झाला. चार-सहा दिवसांनी डोळे तपासायला मानवतला जायचं म्हणून मी फाट्यावर उभी होते. वस्तीतली माणसं ट्रकमध्ये चढत होती. गाठोडी, भांडी, कोंबड्यांची टोपली, मुलं. आणि ट्रकच्या कडेला, एका हातानं फळकं धरून, गयाबाई. वरती बसलेल्या एकेका बाईला नावानं हाक मारून ती सांगत होती,

"सखू, दत्तजयंतीला सप्ता, काल्याला चूलबंद. पुसात मंडपाचं उद्घाटन हाय, चूलबंद. सव्वीस जानेवारीची सभा, घरटी एक. ऐकलं का?"

वरून सुमन वाकली. "मावशे, तवा आमी हितं असनार हाव का? त्यो मंडप बी आमचा न्हाई. कशाला जीव काढायलीस?"

"तुला आवतन हाय म्हनून सांगायले. उद्या कोनी म्हनलं की ह्येंला कवाच बोलावलं नव्हतं, तर तू तोंडावर खोटं म्हन."

सुमननं डोक्यावर पदर घेतला आणि आवतन घेताना जशी मान हलवतात तशी हलवली.

गयाबाई पुढच्या नावाकडे गेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अजून नावं बाकी होती. ट्रक हलला तरी तिचा फळक्यावरचा हात सुटला नाही; चार-पाच पावलं ती त्याच्याबरोबर फरफटत गेली. "मावशे, सोड! पडशील!" वरच्या बायका ओरडल्या. तिनं सोडलं. ट्रक पाथरीच्या दिशेनं निघून गेला. ती रस्त्यात गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती. मी धावत जाऊन तिला कडेला घेतलं.

"तीन घरं ऱ्हायली," ती म्हणाली.

"जाऊ द्या आता. फोन करू."

ट्रक कुठे थांबतो हे ती पानटपरीवाल्याला विचारत होती. तो म्हणाला, पाथरीला डिझेल घेतात, अर्धा तास तरी थांबतात. तेवढ्यात पाथरीची एसटी आली. मी नको म्हणेपर्यंत ती दाराशी पोचली होती. कंडक्टरनं खाली उतरून तिला दंडाला धरून वर घेतलं. दार लागलं. माझी गाडी उलट्या दिशेची होती.

गाडी सुटताना मला ती उघड्या खिडकीतून दिसली. कंडक्टर तिला कुठलं तिकीट देऊ म्हणून विचारत होता, आणि ती त्याला हातानं पुढचा रस्ता दाखवत होती, की ऊसतोडीचा ट्रक दिसला तर मला हाक मार.